पॅडलवरचा दुसरा पाय

लिंब्या, कावळा शिवेना.

तू तिथं होतास का नव्हतास, हे आपल्याला सांगता येत नाही. नसशील तर ऐकून घे. असशील तर माझी फजिती माझ्याच तोंडून पुन्हा ऐक, तुला तिचा कधी कंटाळा आलाय? तुझ्या दहाव्याला तळ्याच्या काठावर अख्खी वस्ती जमली होती. भाताचे पिंड मांडलेले, शेजारी तुझ्यासाठी बशीत काळा चहा, बाजरीची भाकरी, ठेचा आणि चुन्याची डबी. समोरच्या बाभळीवर कावळा. एकच, पण खाऊनपिऊन सुखी दिसणारा. त्यानं मान तिरकी करून पिंडाकडं पाहिलं, तळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवून बसला. हुबेहूब तू. आपलं म्हणणं मान्य होईस्तोवर ताटाला हात लावायचा नाही, हा तुझा जुना खाक्या.

आम्हा लिंगायतांत कावळ्याची ही भानगड नाही. माणूस गेला की बसवून मातीत ठेवायचा, शिवाशी एक झाला म्हणायचं आणि हात जोडायचे. शिव अटी घालत नाही. म्हणून मी आपला गर्दीच्या मागं उभा होतो, सुटका व्हायची वाट बघत.

तुझे चुलते तात्या पुढं झाले, पटका सावरला आणि मोठ्यानं म्हणाले, "लिंबा, मेंढराची काळजी करू नगंस. आमी हावोत."

कावळा गप्प.

"लेकीची शाळा बंद पडू देणार न्हाई."

कावळ्यानं पंख साफ केले.

"बिरोबाला बकरं देऊ. तुझ्या नावानं देऊ."

त्यावर तर तो उडून वरच्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, जीव अडकलाय कशात तरी. तात्यांचा आवाज रडवेला झाला होता, आणि मला, सावलीत उभा असून, घामाच्या धारा लागल्या होत्या. तेवढ्यात तुझी बायको, गया वहिनी, पदरानं डोळे पुसत मागं वळल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भावजी, तुमच्यापाशी अडकलंय. तुमीच बोला."

"मी काय बोलू, वहिनी?"

"तुमाला ठावं हाय."

ठाऊक होतं. तुला काय पाहिजे ते मला पक्कं ठाऊक होतं. पण ते बोलायचं म्हणजे आपला सगळ्यात जुना वाद हरायचा, आणि तोही एका पक्ष्यापुढं.

*

थोरली आठव. लष्कराच्या लिलावातून आलेली ती जुनी वनटन गाडी, चारही चाकांनी ओढणारी. तू मेंढरांवाला, मी धारूरच्या बाजारात रंग आणि खिळे विकणारा. दोघांनी मिळून घेतली. तुला ती हवी होती डोंगरावरच्या मेंढरांच्या वाड्यावर पाण्याची टाकी न्यायला, आणि लंगडी मेंढरं, ताजी पिल्लं खाली आणायला. मला कशाला हवी होती? मोबाईलवर गोऱ्या लोकांच्या गाड्या खडकांवर चढताना बघून माझ्या डोक्यात हवा गेली होती, म्हणून. आपण तिला उंच केलं, ट्रॅक्टरला शोभतील असली टायरं घातली, मागं पिंजरा केला, पुढच्या चाकांना नव्या जमान्याचे डिस्क ब्रेक बसवले. वहिनी तिला सवत म्हणायच्या, म्हणून तू नाव ठेवलंस थोरली. चढायला बोकड होती. उतरायची तेवढी बोंब.

चाकं जड झाली, डिस्कला तेल जास्त लागायला लागलं, आणि जुनं मास्टर सिलिंडर पुरं पडेना. पॅडल दाबलं की चाकांकडं तेल ढकलणारं ते वीतभर नळकांडं, त्यावर सगळा जीव. आपलं पॅडल थेट फळीला टेकायचं. सिलिंडर बदलायला पाहिजे, यावर आपलं एकमत झालं. त्यापुढं आयुष्यात कशावरच झालं नाही.

मी म्हणालो, मोठ्या ट्रकचं बसवू. मोठी गाडी, मोठी चाकं, मोठं सिलिंडर. दहावी नापास माणसाला याहून सरळ गणित कुठलं सुचणार?

तू तेव्हा एका मेंढीला गुडघ्यांत धरून सुई टोचत होतास. "येडा हाय का बे? ही जाड सिरिंज बघ. दाबून दाबून अंगठा मोडतो, आन् औषिद येतंय मुंगीच्या पावलानं. आता ही बारकी बघ." आणि बारकीतली पिचकारी थेट माझ्या शर्टावर. "जोर त्योच हाय, मन्म्या. बारक्यात एकवटतो, मोठ्यात पसरतो. जुन्याहून मोठं चालंल, पर ट्रकचं नगं. त्याच्याहून बारकं आन."

"मेंढीची डॉक्टरकी गाडीला लावू नको. बारक्यानं पॅडल खोल जाईल."

"जाऊ दी खोल. धरतंय का न्हाई, ते बघ."

मी ऐकलंही असतं. पण तुझी विद्या मी जवळून पाहिली होती. ब्रेकचं तेल संपलं तेव्हा 'तेल ते तेल' म्हणत घरातलं करडईचं तेल ओतणारा कोण? आतली रबरं पुऱ्यांसारखी टम्म फुगली, आणि थोरली पुढं कितीतरी दिवस जाईल तिथं भज्यांचा वास सोडत फिरली. त्या माणसाचा सल्ला घेऊ?

म्हणून मी बीडच्या भंगारातून ट्रकचं मोठं सिलिंडर आणलं, बसवलं आणि पॅडलवर पाय ठेवला. दगड. तसूभर हलेना. मी तर खूश. "बघ, कसं टणक झालंय!"

तू पण पाय लावून पाहिलास. "टणक हाय. भितबी टणक असती. भितीला कुणी बिरीक म्हणत न्हाई."

*

भिंतीला ब्रेक म्हणत नाहीत, हे मला धारूरच्या घाटात कळलं.

दिवाळी होऊन गेलेली. वरून आपण पिल्लं भरून निघालो होतो. उन्हं तिरपी, तू शेजारी बसून शेंगा फोडत होतास, आणि पहिल्या वळणाला मी पाय दाबला. गाडी थोडीशी लाजली, पण थांबायचं काही मनावर घेईना. मी आणखी दाबला. मांडी थरथरायला लागली. गिअर खाली टाकला, इंजिन केकाटलं, आणि वळणातून बाहेर पडलो तर समोर ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, त्यात ऊसतोडीला, कोयत्यावर निघालेली बिऱ्हाडं. भांडी, पत्रे, बाजा, शेळ्या, आणि सगळ्यात वर पोतं पांघरून बसलेल्या बायका. मागच्या ट्रॉलीतल्या एका म्हातारीनं आपल्याला येताना पाहिलं आणि नुसताच हात वर केला, थांबा म्हणून, जसं रस्त्यात आडव्या आलेल्या बैलाला म्हणतात.

एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कातळ. मी पॅडलवर अख्खा उभा राहिलो होतो, ढुंगण सीटवर नव्हतं. मनात एकच चाललेलं, की त्या म्हातारीच्या हाताला आपण जाऊन लागणार.

"सरक!" तू ओरडलास. शेंगा उधळल्या. गिअरच्या दांडीवरून तुझी तंगडी आली आणि तुझा पाय पॅडलच्या डाव्या अर्ध्यावर बसला, वहाणेसकट. "आता धर! धर, मन्म्या, धर!"

दोघांनी मिळून धरलं. चाकांतून जळकट वास आला, पिल्लं पुढच्या जाळीवर येऊन आदळली, आणि थोरली थांबली. ट्रॉलीच्या आणि आपल्या मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर. म्हातारीनं हात खाली घेतला, डोक्यावरचं पोतं सारखं केलं आणि तोंड फिरवलं. तिच्या लेखी काही झालंच नव्हतं.

बराच वेळ तू पाय काढला नाहीस. मीही काढला नाही. मग तू म्हणालास, "शेंगा गेल्या बे."

खरं तर खाली आल्या आल्या ते सिलिंडर काढून फेकायला हवं होतं. शहाण्या माणसांनी फेकलं असतं. आपण काय केलं? घाट आला की तू तंगडी टाकायचास, मी उजवीकडं सरकायचो, तू "धर" म्हणायचास, मी "धरलंय" म्हणायचो. एकाच पॅडलवर दोन पाय. बैलजोडी झाली आपली. माझी बायको म्हणायची, ब्रेक दाबायला दोन माणसं लागणारी गाडी जगात ही एकच असेल. मी तेही अभिमानानं सांगत फिरायचो.

का बदललं नाही? बदललं असतं तर तू खरा ठरला असतास, हे एक. आणि दुसरं असं, की ब्रेक एका पायानं लागला असता तर घाटात तू शेजारी बसायची गरज राहिली नसती. मी घरी आणि तू वाड्यावर, गाडी कुणीही एकट्यानं नेली असती. हे मला आत्ता सुचतंय, असं तू म्हणशील. म्हण.

*

आपलं शेवटचं बोलणं बाजाराच्या दिवशीचं. तू दुकानात आलास आणि काउंटरवर एक खोकं ठेवलंस. नवं कोरं मास्टर सिलिंडर, तुझ्या म्हणण्याप्रमाणे बारकं. कुठून मागवलंस ते विचारलं तर नुसत्या मिशा पिळल्यास.

"ठेव तिकडं," मी म्हणालो, "गाडीत सीटखाली. उंदरांना खेळायला होईल."

"मी मेल्यावर बसिवतूस काय बे?"

"त्यावर विचार करतो."

तू हसलास. गिऱ्हाईक आलं, मी खिळे मोजायला लागलो, आणि तू गेलास. मागून आवाज दिला नाही. कशाला देईन? रोजचंच होतं. पुढच्या बाजाराच्या आत छातीत कळ येऊन तू संपलास. दवाखान्यात न्यायला गाडी काढेस्तोवर संपलास. थोरली दारात उभी होती, चावी माझ्या हातात होती, आणि न्यायला कुणी उरलं नव्हतं.

तेव्हापासून तात्या रोज एकच विचारत होते. "शेठ, गाडी कवा आणता? वरचा पाझर आटलाय. मोठी मेंढरं येतील चालत, पर कालची पिल्लं कशी येणार?" मी म्हणायचो, दहावा होऊ द्या. लोकांना वाटायचं, शेठला दुःख आवरत नाही. दुःख होतंच रे. पण रोज दुपारी मी गुपचूप थोरलीत जाऊन बसायचो, दोन्ही पाय पॅडलवर ठेवून दाबायचो, आणि मग क्लच कोण दाबणार या प्रश्नापाशी येऊन उतरायचो. पिल्लं वर तहानेनं ओरडत होती आणि मी खाली भीत होतो. साधं एक खोकं उघडायचं होतं. पण ते उघडलं की तू खरा, मी खोटा, आणि भांडायला समोर कोणी नाही. असला विजय घेऊन तू पळून जावंस, हे मला पटत नव्हतं.

*

तर तळ्याच्या काठी सगळे माझ्याकडं बघत होते. मी पुढं गेलो. चप्पल काढायची ती विसरलो, तात्यांनी डोळे वटारले, मग काढली. कावळ्याकडं बघून घसा खाकरला.

"लिंब्या," मी म्हणालो, "सिलिंडर बदलतो."

लोकांत खुसफूस. तात्या म्हणाले, "कसलं सिलिंडर? ग्यासचं?"

कावळ्यानं मान वळवली. एवढ्यावर उतरेल, असं वाटलं. नाही उतरला.

"मधल्या मापाचं बसवतो," मी तडजोड काढली. जन्मभर दुकानदारी केलेला माणूस, एकदम शेवटचा भाव कसा सांगणार?

तो पुन्हा पाठ फिरवायला लागला. वहिनींनी हुंदका दिला, आणि माझी दुकानदारी तिथंच संपली. "बरं बाबा, तुझंच! तुझंच बारकं बसवतो! खोक्यातलं! मीच खुळा, तूच खरा! आज बसवतो आणि उद्या पिल्लं खाली आणतो. आता तरी खा की रे, लिंब्या!"

शेवटचं मी ओरडलो की रडलो ते मला कळलं नाही. कावळा खाली आला. पिंडाला चोच लावली, भाकरीचा तुकडा उचलला, ठेच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. लोकांनी हात जोडले. तात्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई मोठं मन केलं, शेठ." काय मोठं केलं हे त्यांना अजून कळलेलं नाही.

*

सिलिंडर बसवलं. दोन नट सापडेनात, ते नेहमीप्रमाणे तूच लपवले असणार. दोन्ही शोधून जागेवर बसवले. मग आली ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची वेळ, आणि हे काम एकट्याचं नव्हे. एकानं आत बसून पॅडल मारायचं आणि धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी पडून तिथलं निप्पल, म्हणजे तेल सोडायची बारकी तोटी, सैल करायचं, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर सोडायचे, निप्पल आवळायचं. 'सोड' म्हणेस्तोवर पाय उचलायचा नाही. आपल्यात चाकाशी हमेशा तू. एकदा तुझं निप्पल उघडं असताना मी शिंकलो, पाय दणकन बसला, आणि तेलाची धार तुझ्या मिशीवर. दुसऱ्या दिवशी मिशीचा कलप उतरून निम्मी पांढरी. "माझी हवा काढतूस काय बे?" म्हणालास. उलट जन्मभर माझी हवा तू काढलीस. म्हणून तर मी कुठं फुटलो नाही.

आता आत कोण बसणार? मी अंगणात उभा राहून विचार करत होतो तोवर वहिनी पदर खोचून थोरलीत चढल्याही.

"भावजी, काय करायचं त्ये सांगा. सवतीला लाथा घालायची लई दिसापासनं हौस हाय."

मी चाकाशी आडवा झालो. तुझ्या जागेवर. इथून आतलं माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो, हे मला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं तू माझ्या नुसत्या आवाजावर विसंबून इथं पडून राहायचास.

"मारा वहिनी. मारा. मारा. आता धरा!"

वरून काहीच आलं नाही. बोटं पान्यावर तशीच. उघडावं तर हवा आत जायची भीती.

"वहिनी? धरलंय का?"

मग भरून आलेला, बारीक आवाज आला. "धरलंय."

मी निप्पल उघडलं. बुडबुडे निघाले, फेस निघाला, आणि मग नितळ तेलाची धार. चारही चाकांची हवा काढून होईस्तोवर आम्ही दोघं त्या दोन शब्दांपलीकडं काही बोललो नाही.

*

दुसऱ्या दिवशी वर गेलो. पिल्लं पिंजऱ्यात भरली. एक अगदी अशक्त होतं, ते वहिनी पुढं मांडीवर घेऊन बसल्या, तुझ्या जागेवर. घाटाच्या तोंडाशी मी गाडी उभी केली. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं आणि पिल्लाला पदरात आणखी घट्ट धरलं. मेंढरामागं जन्म गेलेल्या माणसाची बायको होत्या त्या. माझं भिणं त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

उतार सुरू झाला. पहिलं वळण. मी पाय दाबला.

पॅडल खाली गेलं. आणखी खाली गेलं. आता फळीला टेकतंय असं वाटलं, आणि तेवढ्यात त्यानं धरलं. मऊ, पण पक्कं. एका पायानं. थोरली अशी हळू झाली की मागं एकही पिल्लू ओरडलं नाही. दुसऱ्या वळणाला पुन्हा तसंच. तुझं खरं, लिंब्या. पॅडल खोल जातं हे माझंही खरं, आणि ते ऐकायला तू थांबला नाहीस, हा निव्वळ रडीचा डाव.

ते जुनं वळण आलं. समोर सडक मोकळी होती. ना ट्रॅक्टर, ना म्हातारी. तरी मी दाबून गाडी जवळजवळ थांबवलीच.

"भावजी," वहिनी खाली बघत म्हणाल्या, "पाय असा कडंला कावून? पॅडल एवढं मोठं हाय की."

मी खाली पाहिलं. माझा पाय पॅडलच्या उजव्या टोकाला टेकलेला, निम्मा बाहेर लोंबत होता. डावं अर्धं पॅडल रिकामं. त्यावरचं रबर तुझ्या वहाणेनं झिजून गुळगुळीत झालेलं.

"सवय," मी म्हणालो.

वहिनींनी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला आणि गुडघे जरा पलीकडं घेतले, गिअरच्या दांडीजवळची, तुझ्या तंगडीची जागा मोकळी करून. मी पाय सरकवला नाही. घाट अजून संपायचा होता.